आदिकारणाचा पुरावा

पर्वतावर धूर दिसला म्हणून तेथे अग्नी आहे असे अनुमान करणाऱ्याने, जे दिसले तो धूरच आहे, धुक्याचा वा धुळीचा लोट नव्हे, याची आधी खातरजमा करावी, हा आपल्या नैयायिकांचा दंडक विश्वारंभाच्या शोधकांनाही अक्षरशः लागू पडावा, याचे प्रत्यंतर २०१४ साली आले.

विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचे असताना जो प्रकाश मुक्त झाला, तो आज २.७ केल्विन तापमानाच्या सूक्ष्मतरंगांच्या रूपाने दशदिशांनी आपल्याकडे येत आहे. इलेक्ट्रॉनांवरून अखेरचा विखुरला जाताना त्याला ध्रुवणाची, म्हणजे कंपनाच्या विशिष्ट दिशेची, जी अल्पशी छटा लाभली, ती २००२ साली दक्षिण ध्रुवावरील ‘डासी’ या उपकरणाने प्रथम टिपली. या ध्रुवणात भोवऱ्यासारखी वळणे आढळली, तर ती पहिल्या क्षणाच्या अत्यल्प अंशातील प्रचंड विस्ताराने उठविलेल्या गुरुत्वतरंगांची खूण ठरू शकतील, असा सिद्धान्त होता.

‘बायसेप-२’ ही अवघ्या २६ सेंटीमीटर व्यासाची दुर्बीण त्याच ध्रुवावर, कोरड्या व गोठलेल्या हवेत, तीन वर्षे आकाशाचा एकच तुकडा न्याहाळीत होती. तिच्यातील ५१२ संवेदक जोडीजोडीने मांडलेले होते. जोडीतील एक उभे कंपन मोजी, दुसरा आडवे, आणि दोहोंच्या वजाबाकीतून ध्रुवण हाती येई. १७ मार्च २०१४ रोजी ती वळणे सापडल्याचे जाहीर झाले. परंतु आपल्याच आकाशगंगेतील धूलिकण चुंबकीय क्षेत्रात एका दिशेने वळतात आणि त्यांच्या प्रारणातही तशीच वळणे उमटतात. ‘प्लांक’ उपग्रहाने अनेक कंप्रतांवर केलेली मोजणी पाहता, पुढील वर्षी दोन्ही पथकांनी एकत्र बसून मूळ दावा सिद्ध होत नाही असा निवाडा दिला.

या वळणांनी ईश्वराच्या अस्तित्वाचा फैसला झाला असता असे मला वाटत नाही, कारण त्यांतून विश्व कसे विस्तारले एवढेच कळते. ते मुळात का आहे, हा प्रश्न तसाच उरतो. तथापि सत्यालाच ईश्वर मानणाऱ्याने या घटनेकडे उदासीनतेने पाहू नये. सर्व जगासमक्ष केलेला दावा प्रतिपक्षाच्या दप्तरातील आकडे मागवून, त्याच्याच सहीने मागे घेणे, यात जी निरहंकारता आहे, ती मला अनेक व्रतवैकल्यांहून अधिक धार्मिक वाटते.

मोजणी त्यानंतरही चालूच राहिली. आदिम गुरुत्वतरंगांचे घनतेच्या चढउतारांशी जे प्रमाण २०१४ साली ०.२ मानले गेले होते, ते ०.०३६ हून कमीच असले पाहिजे, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात म्हटले आहे. त्या तरंगांचा दाखला अद्याप मिळालेला नाही.