हजार रुपये कशाचे?

जुलै 2024मध्ये शेजारच्या काकूंनी कागदांची पिशवी माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, “सर, रिटर्न भरायचे हजार रुपये जास्त होतात का हो?”

त्यांचे यजमान कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. ते गेल्यावर मिळालेले नऊ लाख काकूंनी मुदत ठेवीत ठेवले. वर्षाचं व्याज 63,000 रुपये; त्यातून बँक दहा टक्के, म्हणजे 6,300 रुपये टीडीएस कापायची. पेन्शन धरूनही काकूंना कर लागत नव्हता. म्हणून रिटर्न भरून ते पैसे परत मिळवायचे. एक कर सल्लागार तीन वर्षं हे काम करत होते.

मी आधी वेळ मोजला. आयकर खात्याच्या पोर्टलवर रिटर्न फुकट भरता येतं, आणि असं साधं रिटर्न सवय असलेल्याला अर्ध्या तासाचं काम. त्या मापानं हजार रुपये जास्त. पण काकूंचं माप वेगळं होतं. “हजार देऊन सहा हजार मिळतात, मग महाग कुठंय?” त्यांचंही खरं होतं.

वेळेच्या मापावर माझा स्वतःचाही विश्वास उरला नव्हता. त्याच महिन्यात माझ्या सल्लागारांनी अडीच हजार सांगितले होते आणि मी घासाघीस करून दोन हजारांवर आणले होते. सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचा हप्ता हाती आला होता. तेव्हा कलम 89ची सवलत घ्यायची तर ज्या वर्षांची ती थकबाकी, त्या प्रत्येक वर्षाचा कर पुन्हा मांडावा लागे आणि रिटर्नआधी फॉर्म 10ई भरावा लागे. मला हे नावानंही माहीत नव्हतं. मी पाहिली ती फक्त शेवटची दहा मिनिटं, आणि पैसेही तेवढ्याचेच द्यायला निघालो होतो.

मग काकूंचा हजार रास्तच म्हणायचा? तसं म्हणणार होतो, तेवढ्यात पिशवीत बँकेचं पत्र दिसलं आणि विचारलं, “काकू, तुम्ही 15एच देत नाही?”

साठीच्या पुढच्या माणसाला कर लागत नसेल, तर तो तेव्हा बँकेला फॉर्म 15एच देऊ शकत असे. मग टीडीएस कापलाच जात नसे. कापला नाही तर परत मागायला नको, आणि काकूंना तेवढ्यासाठी रिटर्नही नको. फॉर्म फुकट मिळे. काकूंनी त्याचं नाव ऐकलं नव्हतं. सल्लागारांना ते माहीत नसेल, हे मला पटत नाही.

त्यांच्या बाजूनं बोलायचं तर त्यांनी खोटं काही केलं नाही. रिटर्न भरायला सांगितलं, त्यांनी भरलं. भाजीवाला कधी सांगतो का, की पलीकडे वांगी स्वस्त आहेत? पण वांगं हातात घेऊन बघता येतं. सल्लागाराकडे आपण जातो तेच मुळी काय विचारायचं हे कळत नाही म्हणून. तिथं न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हाच खरा माल. तो न देता घेतलेले शंभर रुपयेसुद्धा जास्तच.

काही जण रिफंडमध्ये टक्केवारी मागतात. चार्टर्ड अकाउंटंटना 1949चा कायदा, काही अपवाद सोडले तर, अशी फी घेऊ देत नाही. कारण मग रिफंड फुगवण्यात सल्लागाराचाच फायदा असतो. खोट्या वजावटी दाखवून रिफंड मिळवून देणाऱ्यांसाठी आयकर खात्यानं जुलै 2025मध्ये देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली. काकूंचा रिफंड खरा होता आणि फी ठरावीक होती. तरी गाठ तीच: काकूंची अडचण दरवर्षी उभी राहण्यातच कोणाची तरी मिळकत होती.

पूर्वी गावचा सुतार वर्षाच्या बलुत्यावर काम करायचा. नांगर किती वेळा मोडला यावर त्याचं धान्य ठरत नसे, म्हणून नांगर टिकला तर त्याचंही भलंच. ती पद्धत परत नको. तिथं काम जातीनं ठरे आणि खळ्यावर हात पसरावा लागे. पण दुरुस्ती करणाऱ्याचं पोट मोडतोडीवर नसावं, एवढं त्यातलं घेण्याजोगं आहे.

काकूंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, “मग तीन हजार मी कशाचे दिले?” मला उत्तर सुचलं नाही. त्या भांडायला गेल्या नाहीत. “माणूस वाईट नाही, दरवेळी चहा विचारतो,” म्हणाल्या. त्याच आठवड्यात त्यांनी बँकेत 15एच दिला.

मी माझ्या सल्लागारांकडे कापलेले पाचशे घेऊन गेलो. त्यांनी ते ठेवून घेतले, संकोच न करता, आणि ते मला आवडलं. मग विचारलं, “पुढच्या वर्षी मला तुमच्याकडे यावं लागू नये, यासाठी काय करू?”

ते जरा थांबले. म्हणाले, “थकबाकीचे हप्ते संपले की तुमचा फॉर्म सोपा आहे, सर. शेजारी बसा, एकदा दाखवतो. मग घरीच भरत जा.”

त्यांचे अडीच हजार मला तेव्हा पटले.