विगतज्वर

दि. ३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जन आटोपून लातूर जिल्ह्यातील किल्लारी गाव निजले होते. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि दगडमातीची घरे निजलेल्यांवर कोसळली. त्या परिसरात हजारो जीव गेले. वाचलेल्यांपैकी कित्येकांस पुढे छपराखाली झोप येईना. अशा आघातोत्तर व्यथेस मानसवैद्यकाने १९८० साली स्वतंत्र नाव दिले. आशावादी मनुष्यास ती सामान्यतः कमी छळते, असे अभ्यासकांस आढळले आहे. परंतु म्हणून "आशा धर, झालेगेले विसर" असे दुःखितास बजावणे हा उपचार नव्हे.

अर्जुनाचीही गात्रे गळाली होती, तोंडास कोरड पडली होती. (त्याचा शोक भावी संहाराचा, हा भेद खरा.) भगवंतांनी प्रथम दोन श्लोकांत त्याची निर्भर्त्सना केली, तरी तो 'लढणार नाही' म्हणून स्वस्थ बसला. मग अठराव्या अध्यायापर्यंत ते त्याच्याशी बोलत राहिले. तिसऱ्या अध्यायात ते त्यास 'निराशी' आणि 'विगतज्वर' होण्यास सांगतात. निराशी म्हणजे हताश नव्हे, फळाची आस सुटलेला. गेलेले सारे पूर्ववत होईल, ही आस ज्वर वाढविते. आज एक भिंत रचू, ही आशा तो उतरविते. ज्यास तेवढेही साधत नाही, त्याच्याजवळ घरच्यांनी काही रात्री अंगणात अंथरूण टाकले, तर श्रद्धेत काही उणे होत नाही.