सहधर्म आणि संकल्प

सप्तपदीतील पहिले पाऊल अन्नासाठी, दुसरे बळासाठी. मग पत्नीने वजन उतरविण्याचा संकल्प केला, तर पतीचा धर्म कोणता? तिच्या ताटावर पहारा ठेवावा, तर संकल्प तिचा न राहता त्याची आज्ञा होतो. ‘एवढे तरी घे’ असा आग्रह करावा, तर प्रेमच व्रतभंग घडविते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांस आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला. घरकामातून तेवढी मोकळीक तिला कोण देणार? तो भार पतीने उचलावा, आणि स्वतःही तेच साधे अन्न संतोषाने जेवावे. वजन उतरो वा न उतरो, तिचा मान उणावू नये. सातवे पाऊल सख्यासाठी असते. आणि सखा पुढून ओढीत नाही, मागून ढकलीत नाही, शेजारून चालतो.