झऱ्याचे पाणी कोणाचे?

कोकणात उतरणाऱ्या घाटरस्त्यांवर एखाद्या वळणाला कातळातून पाणी गळत असते. कुणीतरी फटीत पाइपचा तुकडा नाहीतर पोफळीची पन्हळ अडकवलेली असते आणि खाली शेवाळलेल्या दगडावर कॅन, कळश्या नंबराला लावलेल्या असतात. बेसाल्टच्या सच्छिद्र थरात मुरलेले पावसाचे पाणी खालच्या घट्ट थरावर अडते आणि डोंगराचा उतार जिथे तो थर उघडा पाडतो तिथे बाहेर येते. हे पाणी कोणी खणून काढलेले नाही, कोणी विकतही घेतलेले नाही. मग ते भरून नेणारा कोणाच्या ऋणात राहतो का? धर्मशास्त्राने या प्रश्नाचा विचार पिण्याच्या नव्हे, तर आंघोळीच्या पाण्याच्या निमित्ताने केला, पण केला तो फार बारकाईने.

परक्याच्या जलाशयात स्नान करायचे तर आधी त्यातून मातीचे पाच गोळे काढून टाकावेत, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. नदी, देवखात म्हणजे माणसाने न खणलेले पाणी, डोह आणि झरा यांना मात्र ही अट नाही. अटीमागचे कारण मनुस्मृतीत सापडते. दुसऱ्याच्या तळ्यात न्हाणाऱ्याला ते तळे करणाऱ्याच्या पापाचा वाटा चिकटतो. (पाच गोळ्यांचा हिशेब व्यवहाराचाही असावा, येणारा प्रत्येक जण थोडा गाळ उपसून जाणार.) कल्याणीच्या चालुक्य दरबारातला विज्ञानेश्वर याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या मिताक्षरा या टीकेत याला एक महत्त्वाची पुस्ती जोडतो. परके पाणी म्हणजे सर्व प्राण्यांसाठी सोडून न दिलेले पाणी.

असे सोडून देण्याच्या विधीला उत्सर्ग म्हणत. दानाला घेणारा लागतो, उत्सर्गाला लागत नाही. विहीर किंवा तळे बांधणारा त्यावरचा आपला हक्क सोडतो आणि पुढे स्वतः तिथले पाणी भरतो ते सर्वांपैकी एक म्हणून. झऱ्याला मुळात मालकच नसल्याने उत्सर्गाचीही गरज नाही. या विचारात झरा म्हणजे निर्मळ पाण्याचा नमुनाच ठरतो, कारण त्यात कोणाचे पाप नाही आणि कोणाचे उपकारही नाहीत.

पण मालक नाही म्हणून पहारेकरी नाही, असे मात्र घडले नाही. गावोगावी वाहत्या पाण्यावरही पाणवठे वाटलेले होते: सवर्णांचा वरच्या अंगाला, अस्पृश्यांचा खालच्या. महाडच्या चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत, अस्पृश्यांना मात्र बंदी होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी तिथले पाणी प्याले, तेव्हा ते तळे पंचगव्याने 'शुद्ध' करण्यात आले. इथे जुना विचार पार उलटा झाला आहे. स्मृतीत न्हाणाऱ्याने मालकाच्या पापाला भ्यायचे होते; महाडात तळ्यावर हक्क सांगणारे पिणाऱ्याच्या स्पर्शाला भ्याले. 'सर्व प्राणी' या शब्दांत गाय बसली, माणूस बसला नाही. बंदीची प्रथा अनादी काळापासूनची असल्याचे सिद्ध झाले नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये दिला. पुढे राज्यघटनेच्या १५ व्या कलमाने सरकारी पैशातून राखलेल्या किंवा सर्वसाधारण जनतेसाठी अर्पण केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरात असा भेदभाव बेकायदा ठरवला. उत्सर्गाची कल्पना त्या अर्पणाच्या शब्दात पुन्हा भेटते, आणि या वेळी तिच्यातून कोणी वगळलेले नाही.

कोणी प्यावे हा प्रश्न सुटला तरी किती न्यावे हा उरतोच. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६८९ मध्ये झऱ्याचेच उदाहरण घेतले होते. वाहते पाणी सर्वांचे, घागरीत भरलेले ते भरणाऱ्याचे. अट एवढीच की इतरांसाठी तितकेच आणि तसेच चांगले उरावे. पोटभर पाणी पिणाऱ्यामुळे नदीकाठी कोणाचे काही जात नाही, असेही तो म्हणतो. नदीला हे लागू पडते. मे महिन्यातल्या झऱ्याला नाही. करंगळीएवढ्या धारेखाली कोणी वीस कॅन मांडले की मागे एकच कळशी घेऊन उभ्या असलेल्या बाईची दुपार जाते. म्हणून नंबर लागतात, आणि ओंजळीने पिणाऱ्या वाटसरूसाठी कॅन क्षणभर बाजूला सरकतो. कळशी भरणे ही मिळकत आहे आणि तहान भागवणे हा हक्क आहे, हा भेद रांगेत कोणी बोलून दाखवत नाही, पण पाळला जातो. लॉकच्या अटीपेक्षा तो अधिक नेमका आहे.

झऱ्याच्या मुखाशी मालक नसला तरी डोंगरावर तो असतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार, ठरावीक प्रवाह नसलेले भूगर्भातले पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा हक्क जमीनमालकाला आहे. वरच्या बागेतली बोअरवेल खालचा झरा आटवू शकते, आणि रांगेतल्या कोणाचा कॅन हिसकावून न घेताही ते घडते. स्मृतिकारांची यादी झऱ्यापाशी संपते. त्यात पाणी जिथे मुरते तो माथा आलेला नाही.