शेवट बदलण्याचा अधिकार

दुसऱ्याने लिहिलेली गोष्ट पडद्यावर आणताना तिचा शेवट बदलण्याचा अधिकार पटकथाकारास असतो काय? लेखक हयात असला तर हा प्रश्न करारनाम्याने मिटतो. तो हयात नसला की कायदा काही वर्षे वारसांकडे बोट दाखवितो आणि पुढे गप्प बसतो. पण मृत लेखकाला हरकत घेता येत नाही, एवढ्यावरून त्याची हरकत नाही असे मानावे काय? चित्रपटलेखन शिकू पाहणारे तरुण आम्हांला भेटतात. प्रसंग रंगेल की नाही याची ते पुष्कळ चर्चा करतात. तो कोणावर अन्याय करतो की काय, हा विचार त्यांच्या बोलण्यात क्वचितच येतो. आम्ही पडलो फायलींतले कारकून. तथापि लखनौस नेमणूक झालेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तम उदाहरण घरबसल्या मिळते.

प्रेमचंदांची 'शतरंज के खिलाडी' ही कथा १९२४ सालची. काळ अवधच्या राज्याचा अखेरचा. मिर्झा सज्जाद अली आणि मीर रोशन अली हे दोन जहागीरदार बुद्धिबळाच्या पटापुढे संसार विसरले आहेत. घरी खेळणे अशक्य होते आणि लष्करात बोलावणे आल्याची हूल उठते, तेव्हा दोघे पट घेऊन गोमतीपलीकडच्या एका पडक्या मशिदीत जाऊन बसतात. इंग्रजांची फौज येते, नबाब कैद होतो. यांचा डाव चालूच. शेवटी एका चालीवरून वाद, वादातून एकमेकांच्या वाडवडिलांचा उद्धार, आणि तलवारी उपसून दोघे परस्परांना ठार करतात. राज्य बुडाले ते बुडालेच; तलवारी निघाल्या त्या सोंगट्यांवरून!

सत्यजित राय यांनी १९७७ साली या कथेवर आपला पहिला हिंदुस्थानी बोलपट काढला. पटकथा त्यांची स्वतःची. उर्दू संवादांचे काम शमा झैदी आणि जावेद सिद्दीकी यांनी केले. रायांनी मरणच काढून टाकले. भांडणाच्या भरात मीरचे पिस्तूल उडते आणि गोळी मिर्झाला केवळ चाटून जाते. मग खजील झालेले ते दोघे, उजेडात तोंड दाखविण्याची सोय उरली नाही म्हणून अंधार पडण्याची वाट पाहत पुन्हा पट मांडतात, आणि या वेळी इंग्रजी रीतीने खेळतात.

या इंग्रजी रीतीचे बीज आरंभीच पेरलेले आहे. मुनशी नंदलाल गप्पांच्या ओघात सांगून जातो की, साहेबांच्या खेळात वजिराच्या जागी राणी असते आणि प्यादे पहिल्याच चालीत दोन घरे जाऊ शकते. त्या वेळी प्रेक्षक हे हसून ऐकतो. दोन तासांनी तोच नियम पटावर लागू होतो तेव्हा राज्यात काय घडले ते निराळे सांगावे लागत नाही. नवशिक्या पटकथाकाराने याच एका दुव्याचा अभ्यास करावा. शेवट बदलायचा तर तो शेवटच्या पानावर बदलून भागत नाही. पहिल्या पानापासून त्याची किंमत मोजावी लागते.

मग हा बदल न्याय्य होता काय? आमची कसोटी अशी की, बदलाने प्रेक्षकाचे ओझे हलके होते की जड होते ते पाहावे. धंद्याच्या हिशेबाने शेवट गोड करणारे ते हलके करतात. रायांचा शेवट वरवर सौम्य दिसतो. परंतु मेलेल्यांचे खाते बंद होते. दोषींना शासन झाले, वाचक मोकळा झाला. जिवंत राहिलेल्या मीर-मिर्झांना उद्या लखनौत परत जायचे आहे, आणि त्या लखनौत नवा अंमल असणार आहे. त्यांच्याबरोबर प्रेक्षकालाही घरी जावे लागते. म्हणून हा अधिकार रायांनी कमावला, असे आम्ही म्हणतो.

तरीही एक नुकसान झालेच. प्रेमचंदांचे खेळाडू भित्रे नाहीत. त्यांच्या अंगी शौर्य आहे, ते मरायला कचरत नाहीत. फक्त ते शौर्य देशाच्या वाट्याला येत नाही. कथेचा सारा संताप या एका विसंगतीवर उभा आहे. पिस्तूल नकळत उडाले आणि ती विसंगतीच नाहीशी झाली. उरले दोन केविलवाणे गृहस्थ. राय मोठे, यात शंका नाही. पण येथे प्रेमचंदांचे म्हणणे त्यांनी ऐकून घेतले नाही, असे आम्हांस वाटते.

प्रेमचंदांच्या बाजूने बोलताना हेही सांगितले पाहिजे की, त्यांनी स्वतःही इतिहास वाकविला आहे. वाजिद अली शाहाला कोणी लखनौहून कैद करून नेले नाही. तो मार्च १८५६ मध्ये आपली दाद लावण्यासाठी कलकत्त्याकडे निघाला. त्याची आई तर विलायतेपर्यंत गेली. विलासात बुडालेल्या लखनौचे जे चित्र कथेत येते, त्याचे मूळ पुष्कळ अंशी सरकारी दप्तरात आहे. रेसिडेंट जेम्स औट्रम याने १८५५ साली अवधच्या कारभारावर अहवाल पाठविला. तो लखनौस नुकताच आलेला. भिस्त सगळी रेसिडेन्सीतील जुन्या कागदांवर. त्याच्या आधीचा रेसिडेंट स्लीमन या कारभारावर सडकून टीका करी, पण राज्य खालसा करण्यास त्याचा विरोध होता. टीका पुढे गेली, विरोध मागे राहिला. चाळीस पानांच्या पत्रव्यवहाराचे एका पानात टिपण करणाऱ्या आम्हां मंडळींना हा प्रकार नवा नाही. काय गाळले यावर हुकूम ठरतो. पटकथाकार दुसरे काय करतो?

म्हणूनच रायांचा दुसरा बदल आम्हांस पहिल्याहून मोलाचा वाटतो. कथेत नबाब जवळजवळ नाहीच. चित्रपटात त्याला बोलू दिले आहे. गाणारा, पदे रचणारा, राज्यकारभारात अपुरा पडलेला, पण हास्यास्पद नसलेला माणूस तेथे दिसतो. 'प्रभात'च्या 'संत तुकाराम'ने १९३६ साली जिजाईला असाच न्याय दिला होता. आख्यायिकेतली कजाग बायको पडद्यावर उपाशी पोरांची आई झाली, आणि तुकोबांचे मोठेपण त्याने तिळभर कमी झाले नाही. रायांवर मात्र नबाबाला स्त्रैण दाखविल्याचा आरोप झाला आणि त्यांना छापील उत्तर द्यावे लागले. आरोप करणाऱ्यांनी औट्रमच्या भेटीचा प्रसंग पुन्हा पाहावा. वाजिद अली शाह तहावर सही करीत नाही. डोक्यावरचा मुकुट उतरवून रेसिडेंटपुढे धरतो. खऱ्या भेटीतही त्याने आपली पगडी काढून औट्रमच्या हाती दिली होती. ७ फेब्रुवारी १८५६ रोजी राज्य खालसा झाले ते जाहीरनाम्याने. तहनाम्यावर त्याची सही कधीच झाली नाही. नुसती कथा वाचून उठणाऱ्याला हे ठाऊक होत नाही.