नाव मेलेल्या राजाचं

बाराव्या शतकात फ्रान्समधल्या अक्वितेनच्या ड्यूकची स्वतःची टांकसाळ होती, चांदीच्या खाणींशेजारीच, मेल या गावी. तरी तिथल्या नाण्यांवर नाव पडत होतं ते ‘कार्लुस रेक्स’, राजा चार्ल्स. हा चार्ल्स 877 मध्येच वारला होता.

यात स्वामिनिष्ठा शोधू नये. नवा ठसा म्हणजे नवा संशय. बाजारात ओळखीचा मुडदा अनोळखी धन्यापेक्षा जास्त चालतो.

नाव तेच राहिलं, चांदी तेवढी राहिली नाही. पिढ्यान्‌पिढ्या तांबं वाढत गेलं. हीण मिसळायला मेलेल्या राजाइतकं सोयीचं नाव नाही; त्याला जाब कोण विचारणार? नफा मात्र जिवंताचा.

उत्तरेकडच्या नॉर्मंडीत अकराव्या शतकात नाण्यांवरची अक्षरंसुद्धा विस्कटली. जुन्या नाण्यावरून नवा ठसा, त्यावरून आणखी एक. शेवटी नुसत्या रेघा आणि टिंबं. लोक ती नाणी घेतच होते. वाचायचं कुणाला होतं?

अक्वितेनचा ड्यूक रिचर्ड 1189 मध्ये इंग्लंडचा राजा झाला. दक्षिणेतल्या मुलखात त्यानं आपल्या नावाची नाणी पाडली. ज्या देशाचा मुकुट डोक्यावर होता तिथल्या एकाही नाण्यावर मात्र त्याचं नाव नाही. तिथे 1180 चा, बापाच्या नावाचा ‘हेन्रिकुस’ ठसाच चालू राहिला. भाऊ जॉननंही तो बदलला नाही. पुढे जॉनचा मुलगा हेन्रीच निघाला, म्हणून खोटं नाव आपोआप खरं झालं!

त्याच इंग्रजी नाण्याच्या मागच्या बाजूला मात्र ते पाडणाऱ्याचं खरं नाव असे, गावासकट. ठसे दोन. खालचा ओंडक्यात घट्ट ठोकलेला, त्यावर राजाचं नाव. वरचा हातात धरायचा, त्यावर कारागिराचं. मध्ये चांदीची चकती. हातोडा वरच्यावर पडे, त्यामुळे तोच आधी झिजे. राजाच्या एका ठशामागे कारागिराचे दोन-तीन ठसे खपत.

नाव कशासाठी, ते आधीच कळून चुकलं होतं. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री नॉर्मंडीचाही ड्यूक होता. तिथल्या त्याच्या शिपायांना पगारात हिणकस इंग्रजी पेनी मिळाल्या, असं एक इतिवृत्त सांगतं. 1124 च्या नाताळात इंग्लंडभरचे नाणी पाडणारे विंचेस्टरला बोलावले गेले आणि एकेकाचा उजवा हात तोडला गेला. कुणाकुणाला बोलवायचं, याची यादी नाण्यांवरच होती.