कुलूपबंद खोलीतलं कर्म

जागेवर हजर नसलेल्या माणसाच्या हातून जे घडतं, ते कुणाच्या खात्यावर मांडायचं? प्रश्न शास्त्रीबुवांचा वाटेल, पण माझ्यापुढे तो आला टेलिफोनच्या बिलातून. मी मूळचा निपाणीचा. बंगळूरच्या दूरवाणीनगरात आयटीआय या टेलिफोन कारखान्यात काम शिकलो आणि पुढे स्वतःचा छोटा धंदा टाकला. कचेऱ्यांमध्ये ईपीएबीएक्स बसवायचं आणि वर्षाच्या कराराने त्याची देखभाल करायची. रविवारी मल्लेश्वरममध्ये आम्ही काही मराठी मंडळी ज्ञानेश्वरी वाचतो. आठवडाभर वायरी आणि रविवारी ओव्या, अशी माझी वाटणी आहे. अठरावा अध्याय चालू असताना हे दोन्ही हिशेब एकमेकांत मिसळले, ते अजून वेगळे झालेले नाहीत.

ईपीएबीएक्स म्हणजे कचेरीतल्या पन्नास-शंभर एक्स्टेन्शनना बाहेरच्या चार-आठ लाइन वाटून देणारी पेटी. शून्य दाबलं की बाहेरची लाइन, नऊ दाबलं की ऑपरेटर. पूर्वी या पेटीच्या जागी बोर्डासमोर बाई बसायच्या, हाताने कॉर्ड खोचून जोडणी द्यायच्या. कोण कुणाशी किती वेळ बोललं, हे त्यांना पाठ असायचं. हळूहळू तिथून माणूस उठला आणि यंत्र आलं. 1986 साली आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला सी-डॉट या आपल्या सरकारी दूरसंचार संस्थेचं ग्रामीण एक्स्चेंज सुरू झालं. 128 लाइनचं, आणि वातानुकूलनाशिवाय चालणारं. आम्हा टेलिफोनवाल्यांना त्याचा कोण अभिमान! पुढे कचेऱ्यांतल्या पेट्याही अशाच जिन्याखालच्या खोलीत गेल्या. खोलीला कुलूप, किल्ली शिपायाकडे, आत माणूस नाही.

पण पेटीला अधूनमधून हात लावावा लागायचाच. कुणाची बदली झाली, एक्स्टेन्शन हलवा. कुणाची एसटीडी बंद करा, कुणाची चालू करा. काम दोन मिनिटांचं, आणि त्यासाठी मल्लेश्वरमहून इलेक्ट्रॉनिक सिटीला जायचं म्हणजे सिल्क बोर्डाच्या चौकात आयुष्य घालवायचं. गिऱ्हाईक हुबळीला असलं तर रात्रीची बस. यावर उपाय म्हणून मोडेम आलं. पेटीला एक देखभालीचं पोर्ट असतं. त्याला सीरियल केबलने मोडेम जोडायचं, मोडेमला टेलिफोनची एक लाइन द्यायची. मग मी घरातल्या कॉम्प्युटरवरून त्या नंबरला फोन लावला की किंचाळल्यासारखा आवाज व्हायचा, दोन मोडेमांची ओळख पटायची आणि हुबळीची पेटी माझ्या पडद्यावर पासवर्ड विचारायची.

हे जोडताना एक बारीक गोष्ट सांभाळावी लागायची. मोडेमला ज्या आज्ञा देतात, त्या 1981 सालच्या हेज कंपनीच्या मोडेमपासून चालत आल्या आहेत. जवळजवळ सगळ्या 'एटी' या दोन अक्षरांनी सुरू होतात. 'एस-शून्य बरोबर एक' म्हटलं की पहिल्या घंटीला मोडेम स्वतः फोन उचलतं. पण मोडेम मुळात बडबडं. घंटी वाजली की 'रिंग' म्हणतं, जोडणी झाली की 'कनेक्ट' म्हणतं, आणि जे ऐकलं ते परत म्हणून दाखवतं. समोर कॉम्प्युटर असेल तर ठीक, पण इथे समोर पेटी आहे. पेटीला वाटतं कुणीतरी पासवर्ड टाकतंय. ती नकार देते, मोडेम तो नकार परत म्हणून दाखवतं, आणि दोघांची रात्रभर जुंपते. म्हणून 'ई-शून्य' आणि 'क्यू-एक' या आज्ञा देऊन मोडेमचं तोंड बंद करायचं आणि सगळं त्याच्या स्मरणात साठवायचं, म्हणजे वीज गेली तरी विसरणार नाही. गंमत अशी की ही आज्ञा मानल्यावर मोडेम 'ओके' सुद्धा म्हणत नाही. आज्ञा लागू झाली का नाही, हे त्याला विचारून कळत नाही. बाहेर जाऊन दुसऱ्या फोनवरून लावून बघायचं.

साधन असं असावं, हे मला पटतं. त्याने आपल्या पदरचं काही घालू नये. पण तोंड बंद केलेलं साधन कुणाचंही काम तितक्याच निष्ठेने करतं. खरा घोळ तिथे आहे.

रिचमंड रोडवरच्या एका कचेरीत हेच घडलं. ते दिवस आयएसडीचे होते. अमेरिकेशी मिनिटभर बोलायला पन्नास रुपयांहून जास्त पडायचे. मोडेम दुसऱ्या एका कंत्राटदाराने लावलेलं, आणि पेटीचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच ठेवलेला. तो पासवर्ड पेटीबरोबरच्या पुस्तकात छापलेला असतो. कुणीतरी बाहेरून मोडेमला फोन लावला, छापील पासवर्ड टाकला आणि पेटीतली एक सोय चालू केली. बाहेरच्या माणसाला कचेरीचीच लाइन घेऊन पुढे फोन लावता येतो, अशी ती सोय. शुक्रवारी संध्याकाळी कचेरी बंद झाली ती सोमवारीच उघडली. मधल्या काळात त्या लाइनींवरून परदेशी फोन चालू होते.

निस्तरायला मला बोलावलं. पेटीजवळ डॉट मॅट्रिक्स प्रिंटर होता. त्याचा भोकाभोकांचा कागद टेबलावरून घसरून जमिनीवर घड्या घालून पडला होता. प्रत्येक फोनची एक ओळ: तारीख, वेळ, लाइन, दोन शून्यांनी सुरू होणारा नंबर, मिनिटं. चित्रगुप्ताचं काम त्याने चोख बजावलं होतं. फक्त एक्स्टेन्शनचा रकाना सगळीकडे कोरा, कारण आतून कुणी फोन केलाच नव्हता.

मग मीटिंग बसली. मालक म्हणाले, मी गावाला होतो. शिपाई म्हणाला, "बीगा हाकिद्दे सर," कुलूप लावलं होतं साहेब, आणि ते खरंच होतं. बिल पाठवणाऱ्यांचं म्हणणं एवढंच, की लाइन तुमची, पैसे भरा. पेटी बनवणाऱ्यांनी पुस्तकातलं पान दाखवलं: पासवर्ड बदला, असं लिहिलेलं आहे. कंत्राटदार म्हणाला, मी बसवून वर्ष झालं. आणि उठताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "आपण काय सर, निमित्तमात्र."

हा शब्द मला झोंबला. सगळे खरं बोलत होते. मालक नव्हते, कंत्राटदार नव्हता, चोर तर देशात तरी होता की नाही कुणास ठाऊक. खोलीला कुलूप होतं, आत कुणी नव्हतं, आणि कर्म झालं होतं.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडायला पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. अधिष्ठान म्हणजे शरीर, असा अर्थ भाष्यकार घेतात. मी माझ्या पोटापाण्याच्या सोयीने तिथे पेटी धरतो. पेटी अधिष्ठान, मोडेम करण, नंबर फिरवणं ही चेष्टा. मधे शनिवार-रविवार आले हे दैव म्हणा हवं तर. कर्ता मात्र रिकामा राहतो, आणि त्या रिकाम्या जागेवर बसायला कुणी तयार नसतं. पुढेच गीता म्हणते की जो स्वतःला एकट्यालाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. हे अहंकार उतरवायला सांगितलंय. आमच्याकडे ते बिल दुसऱ्याकडे सरकवायला वापरतात.

आणि निमित्तमात्र? ते ज्याला सांगितलं तो अर्जुन रथात हजर होता, धनुष्य त्याचं होतं, समोर कोण आहे हे त्याला दिसत होतं. निमित्त व्हायलाही आधी हजर असावं लागतं. छापील पासवर्ड ठेवून निघून गेलेल्याला ती पदवी मिळत नाही.

खरं तर गीतेची सुरुवातच दूरच्या माणसापासून होते. युद्ध कुरुक्षेत्रावर, आणि राजा धृतराष्ट्र आपल्या महालात बसून संजयाला विचारतोय की माझ्या मुलांनी आणि पांडवांनी काय केलं. संजयाला व्यासांनी दिव्यदृष्टी दिली आहे. आमच्या पेट्यांना पासवर्डच्या पायऱ्या असतात. एका पासवर्डाने नुसतं बघता येतं, वरच्या पासवर्डाने बदलताही येतं. संजयाकडे खालचा होता. तो सगळं बघतो, खरं सांगतो, एक बाणही इकडचा तिकडे करू शकत नाही. म्हणून त्याच्यावर बोट ठेवता येत नाही. वरचा पासवर्ड धृतराष्ट्राकडे होता. पोराला आवरायची सत्ता त्याच्या हातात होती. त्याने ती वापरली नाही, आणि वेळ आली की दैवावर ढकललं. महाभारत त्याला आंधळा म्हणून सोडून देत नाही. लांब बसल्याने दोष कमी होत नाही. ज्याच्याकडे बदलण्याची सत्ता आहे त्याच्याकडे तो जातो, मग तो कुठेही बसलेला असो.

दुरून कारभार करणं हेच वाईट, असं मात्र मला म्हणायचं नाही. 1638 मध्ये बंगळूर विजापूरकरांच्या हाती आलं आणि शहाजीराजांकडे सोपवलं गेलं. राजे इथे आणि पुण्याची जहागीर तिकडे. मधे घोड्यावरून जायचे कितीतरी दिवस. पण तिकडे जिजाबाई होत्या, बाल शिवाजी होते, कारभाराला दादोजी कोंडदेव होते. म्हणजे लांबच्या सत्तेचा जागेवर हजर असलेला माणूस होता, नांगराला हात लावणारा आणि चुकलं तर जाब देणारा. लांबून हुकूम आणि जवळ जबाबदार माणूस, अशी जोडी असेल तर अंतराने काही बिघडत नाही. रिचमंड रोडला हुकूम होता, माणूस नव्हता.

हे सगळं मी एका रविवारी गटात बोललो. एक काकू म्हणाल्या, "अहो, मग तुमचं मोडेम म्हणजे देवच की! दिसत नाही, पण सगळं तोच हलवतो."

मंडळी हसली, पण आक्षेप वजनदार होता. अठराव्या अध्यायातच म्हटलंय की ईश्वर सगळ्यांच्या हृदयात बसून त्यांना यंत्रावर चढवल्यासारखं फिरवतो. मग आपण सगळे पेट्याच, आणि शुक्रवारी रात्री कुणीतरी फोन लावतो!

दोन गोष्टी मला तेव्हाही सुचल्या आणि अजून पटतात. पहिली बृहदारण्यकातली. जनकाच्या सभेत उद्दालक आरुणी याज्ञवल्क्याला अंतर्यामी कोण ते विचारतो. याज्ञवल्क्य पृथ्वीपासून सुरुवात करून पाणी, अग्नी, वारा, डोळा, कान असा एकेक घेत सांगतो, की जो यांच्या आत राहतो, ज्याला हे ओळखत नाहीत आणि जो यांना आतून चालवतो, तो अंतर्यामी. आपल्या कर्नाटकात मेलुकोटेला राहून गेलेल्या रामानुजाचार्यांनी आपल्या दर्शनात या भागाला मोठं स्थान दिलं. त्यात बाहेरून येणं नाही. पोर्ट नाही, पासवर्ड नाही. मोडेमवरून येणारा हा परकाच, मग तो मालक असो वा चोर. देवाचं नाव परक्याच्या कामावर चिकटवायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. यंत्रावर चढवण्याचा तो श्लोक 61 वा. त्याच्यापुढे दोनच श्लोकांवर कृष्ण अर्जुनाला सांगतो की माझं सगळं सांगून झालं, आता नीट विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. नुसतं यंत्र असतं तर हे वाक्य कुणाला सांगायचं? सगळी सत्ता असलेला, आतच बसलेला देवसुद्धा शेवटचा स्विच अर्जुनाच्या हातात देतो. मी देव नव्हे, वर्षाच्या करारावरचा माणूस. मला तर तो स्विच जागेवरच्या माणसाच्या हातात ठेवलाच पाहिजे.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली. मोडेमला वीज रिसेप्शनच्या टेबलावरच्या स्विचवरून द्यायची, आणि स्विच एरवी बंद. काम निघालं की मी आधी ऑपरेटरबाईंना फोन करायचो. त्या वहीत तारीख, वेळ, कारण लिहायच्या, सही करायच्या, स्विच लावायच्या आणि म्हणायच्या, "ऑन माडिदीनि सर." काम झालं की परत फोन, आणि स्विच बंद. छापील पासवर्ड पेटी बसवल्याच्या दिवशीच बदलायचो. काही गिऱ्हाइकं कुरकुरायची, म्हणायची एवढं करायचं तर मोडेम कशाला? मी सांगायचो, प्रवास वाचवायला मोडेम आहे, जबाबदारी वाचवायला नाही.

आता मोडेमं अडगळीत गेली. नव्या पेट्या इंटरनेटवर बोलतात, काही तर कचेरीत नसतातच. पण मोडेमची ती जुनी चोरवाट आता प्रत्येकाच्या खिशात आली आहे. लांबून फोन चालवू देणाऱ्या अ‍ॅपमधून खाती रिकामी होऊ लागली, तेव्हा 2019 साली रिझर्व्ह बँकेला एनीडेस्कबद्दल बँकांना सावध करावं लागलं. पलीकडचा गोड आवाज म्हणतो, काका, फक्त तो आकडा वाचून दाखवा. आकडा वाचणं म्हणजे स्विच लावणं.

तेव्हा वाचकहो, एक काम करा. आपल्या घरात, कचेरीत, फोनमध्ये कुणाकुणाला लांबून आत येता येतं याची यादी करा. प्रत्येक नावापुढे लिहा, त्याला नुसतं बघता येतं की बदलताही येतं, आणि दार उघडणारा जागेवरचा माणूस कोण. ज्या ओळीत ते शेवटचं नाव भरता येत नाही, ते दार आजच बंद करा. त्यातून उद्या काही आत आलं, तर ते दैवाच्या नावावर लिहू नका.